टाकीला उपास

बकरी ईदचे तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी टाकी आंबली.

आधी फेस आला, तपकिरी,
उतू जाणाऱ्या डाळीसारखा.
मग ज्योत बारीक झाली.
दुपारी दोनला ती तशीही दिसत नाही,
सोलापूरचं ऊन निळं काही टिकू देत नाही.
मी पाईपच्या तोंडावर हात धरतो, वीतभर वर,
पंजाला जेवढी झळ तेवढा गॅस.
त्या दिवशी झळ नुसती उन्हाची.

श्रीलता वंगारीनं नमुना काढला, मीटरची कांडी बुडवली.
"पाच पॉइंट आठ. बसवणप्पा,
दोन दिवस आधी सांगायचं की हो."
नव्हतं सांगितलं.
चाळणीत चरबी तटत होती,
तासाला एक घमेलं,
रक्ताचा हौद काठाला लागलेला,
नाल्यात सोडू की पोटात घालू?
मी पोटात घातलं. तिच्या, आणि माझ्याही.

ही टाकी सुरू केली तेव्हा
बारा बॅरल शेणकाला ओतला होता,
वर कुठल्याशा साखर कारखान्याचा काळा गाळ.
चार महिने ती गप्प.
इलियास कुरेशी सुरी पुसत यायचा,
"अब्बी बी सोयीच है क्या?"
मग एका पहाटे पाण्याच्या बाटलीत बुडबुडा,
एकच,
आणि मी एकटा, कुणाला उठवू.

तळाशी दाणे धरले होते, काळे, मोहरीएवढे.
श्रीलतानं एक तळहातावर घेतला.
यातल्यांना हवा लागली की मरतात, म्हणाली.
मी हात लांब केला
आणि जरा वेळ श्वास धरून उभा राहिलो,
उगाच.

आता ती पायरीवर बसून समजावते:
आत दोन जाती आहेत.
एक अधाशी, रक्त-चरबी दिसली की फोडते, आंबट करून टाकते.
दुसरी सावकाश, त्या आंबटावर जगते, गॅस सोडते,
आंबट फार झालं की तिचाच जीव जातो.
"आमच्याकडं दोशाचं पीठ. मे महिन्यात
अम्मा रात्री दोनदा उठून झाकण काढून बघते.
तुम्ही झोपला होता."

व्हॉल्व्ह बंद केला. सोड्याची पोती फोडली.
आठ दिवस तिला काही द्यायचं नाही.
पण कापणं कसं थांबणार?
इलियासनं ऐकून घेतलं, दाढी खाजवली.
"रोजा पकड्ली बोलो ना टंकी."
मग हसला नाही.
दुसऱ्या दिवसापासून निम्मीच जनावरं आत आली,
रक्त ड्रमात वेगळं, खताच्या टेम्पोसाठी,
आणि फरशीवर पाणी मारायच्या आधी
त्याची पोरं झाडूनं चरबी गोळा करू लागली,
शिव्या देत, माझ्या नावानं.

घरी जाताना मी नळावर लिंबू चोळतो, कोपरापर्यंत.
गळ्यातलं लिंग तेवढा वेळ शर्टाच्या खिशात.
आई शेजारी सांगते, थोरला पाणीपुरवठ्यात आहे.
पाण्याचंच तर काम.
लाल येतं, चहाच्या रंगाचं जातं,
पुढं निर्गुडीच्या बेटाशी नाल्याला मिळतं,
हल्ली तिथं बगळे उभे असतात.

सहा पॉइंट एक.
सहा पॉइंट चार.
सहाव्या दिवशी लाईट गेली, पंप बंद, मीटर बंद,
मी टाकीच्या पत्र्याला कान लावून बसलो.
पत्रा तापलेला. आत
कुणीतरी भात रटरटवत ठेवल्यासारखं,
लांब, दुसऱ्या गल्लीत.

नवव्या दिवशी दुपारी पाईपवर हात धरला
आणि मनगटावरचे केस जळाले.
तो वास पहिल्यांदा ओळखीचा वाटला नाही.
दुसरा हात खिशात, फोनसाठी.
"श्रीलताताई, लगेच सांगतोय."
"आकडा सांगा," तिकडून.
आकडा कुठला, मी हात बघत होतो.

त्याच गॅसवर त्या संध्याकाळी पाण्याचं पिंप तापलं,
इलियासच्या पोरांनी सुऱ्या धुतल्या, मग तोंडं.

रात्री ताटावर आईनं मनगट धरलं.
कुठं भाजलं रे?
पाण्यानं, म्हणालो.
तिनं तूप लावलं, बोट तिथंच ठेवलं थोडा वेळ,
"पाणीपुरवठ्यात," म्हणाली,
आणि भाकरी मोडून दिली.